तूप ५२५ पुरे

पत्र, थोडक्यात:

ताई, माझी आजी, म्हणजे आईची आई, गेल्या मार्गशीर्षात गेली. कराडला मामाकडे असायची. जायच्या आधी तिने आपली पदार्थांची वही सगळ्यांदेखत माझ्या हातात दिली. तेव्हापासून मी तिची नानकटाई तीनदा करून पाहिली. पहिल्यांदा ट्रेवर सगळ्यांची मिळून एक पोळी झाली. दुसऱ्यांदा पीठ फ्रीजमध्ये ठेवून केली, तर खालून करपली आणि वरून कच्ची राहिली. तिसऱ्यांदा दगड. वहीत शेर-छटाक आहेत. तापमान नाही, वेळ नाही. मी एका शेराच्या चार वाट्या धरल्या. मामीला फोन केला तर म्हणाली, "वही तुझ्याकडे आहे ना, बघ की त्यात." ती त्या घरात पस्तीस वर्षं आहे, पण पहिल्यापासून फार हिशेबी. आई म्हणते, आजीच्या हाताची चव आजीबरोबर गेली, नाद सोड. मावशीच्या मुली वहीची झेरॉक्स मागताहेत. आजीचं माहेर चिपळूणकडचं, त्यामुळे वहीत धोंडस, म्हणजे काकडीचा गोड केकही आहे, पण त्यात नुसतं "वर निखारे" एवढंच. आणि नानकटाईच्या पानाच्या तळाशी "पत्रे ४, निशाणी चवली" असं लिहिलंय, ते काय? पानाचा फोटो सोबत पाठवते. या दिवाळीला विकायलाही करावी असं नणंद म्हणते.
– नाशिकची नात

उत्तर:

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि फोटो वीसेक वेळा पाहिला. फोटोकडे नंतर येते. आधी तुझी ती पोळी.

वहीत लिहिलंय: मैदा एक शेर, रवा अदपाव, पिठीसाखर अच्छेर, तूप पाऊण शेर. तू शेराच्या चार वाट्या धरल्यास, म्हणजे चार वाट्या मैदा आणि तीन वाट्या तूप. आता एक कर. घरातली मोठी वाटी मैद्याने भरून काट्यावर ठेव, मग त्याच वाटीत तूप भरून ठेव. मैदा सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरला, तर तूप दोनशेच्या वर जाईल. म्हणजे तुझ्या पिठात मैद्यापेक्षा तूपच जड झालं. बाई गं, तू नानकटाई भाजलीच नाहीस, चिरोट्याच्या थरांना लावतात तो तुपा-पिठाचा साटा भाजलास. तो ट्रेभर पसरला यात ओव्हनचा काही दोष नाही.

घोळ असा, की जुन्या घरात शेर दोन असत. एक मापाचा. तो पायली, मापटं, चिपटं यांच्या घराण्यातला, धान्य मापायचा. दुसरा तागडीतला, वजनाचा. तुझ्या पानावर अदपाव आणि अच्छेर आहेत, तुपासमोर पाऊण शेर आहे, तेव्हा हा वाण्याच्या तागडीतला शेर धरायचा. पक्का शेर ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे ९३३ ग्रॅम. त्याचा सोळावा हिस्सा छटाक, साधारण ५८ ग्रॅम. अदपाव म्हणजे दोन छटाक, अच्छेर म्हणजे अर्धा शेर, आठ छटाक. १ एप्रिल १९६२ पासून ही वजनं व्यवहारातून कायद्यानेच गेली, तरी बायकांच्या तोंडून आणि वह्यांतून ती पुढे बरीच वर्षं हलली नाहीत.

शेर-ग्रॅमच्या आकडेमोडीत फार शिरू नकोस. सगळं छटाकात मांड: मैदा १६, रवा २, साखर ८, तूप १२. एका छटाकाचे दहा ग्रॅम धर, की करून पाहायला छोटा घाणा तयार. एक किलो मैद्यावर प्रयोग करून, फसला की रडत बसायची गरज नाही.

पण ते १२ खटकतंय ना? मलाही खटकलं. मैदा-रवा मिळून अठरा आणि त्याला बारा तूप म्हणजे दोन-तृतीयांश. एवढ्या तुपात नानकटाई उभी राहणं कठीण, साजूक तुपात तर फारच. म्हणून मी तुझा फोटो मोठा करून, उजेड वाढवून पाहिला. आजीची शाई निळी आहे, अक्षर उजवीकडे झुकलेलं. त्या प्रत्येक ओळीच्या शेवटी, तुपाच्या डागाखाली, पेन्सिलीने बारीक आकडे आहेत. तुला ते दिसले नसतील, मलाही तिसऱ्या-चौथ्या वेळी दिसले. मैद्यापुढे ९३५, रव्यापुढे ११५, साखरेपुढे ४६५. आणि "तूप पाऊण शेर" याच्यापुढे ७०० हवं होतं, तिथे लिहिलंय, "५२५ पुरे".

९३५ आणि ११५ मिळून १०५०. त्याचं बरोबर अर्धं ५२५.

हे कुणीतरी अंदाजाने लिहिलेलं नाही. शेराचे ग्रॅम काढले, मैदा-रव्याची बेरीज केली आणि तूप निम्म्यावर आणून ठेवलं. शाई शेरात बोलते आणि पेन्सिल ग्रॅममध्ये, तेव्हा पेन्सिल पुढच्या पिढीची. आजी स्वतः छटाकात विचार करणारी, ती कशाला ९३५ लिहीत बसेल? त्या घरात हिशेबी म्हणून कोण प्रसिद्ध आहे ते तूच लिहिलं आहेस. तुझ्या लग्नातल्या आहेराची पाकिटं ठेवली असशील, तर मामीचं काढ आणि पाकिटावरचा ५ वहीतल्या ५ शी ताडून बघ. माझा तर्क चुकला तर मला कळव, मी पुढच्या वेळी इथेच कबूल करीन. पण चुकेल असं वाटत नाही.

आता भट्टीचं. वहीत तापमान नाही, वेळ नाही, याचं तुला फार वाईट वाटलंय. पानाच्या शेवटी आजीने काय लिहिलंय? "भट्टीवर पाठवणे." संपलं. तिच्या लेखी कृती तिथे संपत होती, कारण पुढचं काम तिचं नव्हतंच. आमच्याकडे साताऱ्यातही हेच होतं. दिवाळीच्या आधी आणि मे महिन्यात घरून मैदा, रवा, साखर, तुपाचा डबा असं सगळं घेऊन बेकरीत जायचं, नाहीतर घरीच गोळे वळून पत्र्यांवर मांडून न्यायचे. भाजणावळ द्यायची आणि बाकावर बसून राहायचं. नंबर लागायचा तो पाव बाहेर निघाल्यानंतर. त्याचं कारण मला मोठेपणी कळलं. पावाला भट्टी सणसणीत लागते. त्या आचेत नानकटाई गेली तर दोन मिनिटांत काळी. पाव काढले, निखारे बाजूला ओढले आणि भट्टी उतरायला लागली, की मग नानकटाईचे पत्रे आत जायचे. चहूबाजूंनी तापलेल्या विटांची ती उतरती आच, हीच तुझ्या वहीत नसलेली ओळ. आजीलाही ती पाठ नव्हती, ती भट्टीवाल्याच्या हातात होती. तेव्हा "आजीच्या हाताची चव गेली" असं आई म्हणते, त्यातला निम्मा हात भट्टीवाल्याचा होता हे तिला सांगून बघ. चिडेल, पण मग लहानपणी बेकरीच्या बाकावर बसल्याचं तिलाच आठवेल.

कराडात लाकडाची भट्टी अजून असलेली बेकरी मामाला विचारून शोध, आणि हे लवकर कर. मुंबईत २०२५ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना गॅस किंवा विजेवर जाण्याच्या नोटिसा लागल्या. हवेचा विचार केला तर ते योग्यच आहे, माझी त्यावर तक्रार नाही. पण म्हातारा भट्टीवाला भेटला तर त्याला एवढंच विचार, की घरगुती पत्रे कधी लावायचा आणि कधी काढायचा. त्याच्याकडूनही आकडा मिळणार नाही, पण आत हात धरून बघायचा की कागद टाकून बघायचा, ते कळेल.

तोवर घरच्या ओव्हनसाठी माझं ऐक. मैदा १६० ग्रॅम, रवा २० (बारीक), पिठीसाखर ८०, तूप ९०. तूप थिजलेलं, रवाळ. चैत्र-वैशाखात नाशिकला साजूक तूप पातळच असतं, तेव्हा वाटी दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेव, दगड होईपर्यंत नको. परातीत तूप आणि साखर घेऊन तळहाताच्या टाचेने फेस. मिक्सर नको, हँडब्लेंडरही नको, निदान पहिल्या वेळी तरी. आधी तळव्याखाली साखर कचकच करते, मग ती कचकच थांबते, मग तूप पिवळ्याचं पांढरं होतं आणि हाताला थंड, हलकं लागतं. दहा-बारा मिनिटं लागतात. हात भरून येतो. त्यात अर्धा चमचा दही आणि नखभर खायचा सोडा घालून पुन्हा फेस. वहीत सोड्यापुढे "नखभर" आहे तेच बरोबर, जास्त झाला तर साबणासारखी चव येते. मग वेलदोडा, जायफळ, आणि चाळलेला मैदा-रवा. इथून पुढे मळायचं नाही. कणकेची सवय असलेल्या हाताला हे जड जातं. नुसतं गोळा करायचं. मळलंस की पिठाला चिवटपणा येतो, आणि तुझ्या तिसऱ्या वेळच्या दगडात त्याचाही वाटा असणार.

पीठ अर्धा तास झाकून ठेव. मोठ्या सुपारीएवढे गोळे वळ, जरासे चपटे कर, दोन गोळ्यांत दोन बोटं अंतर ठेव. सोळा-सतरा होतील. ओव्हन १८० वर चांगला पंधरा मिनिटं तापव, ट्रे मधल्या कप्प्यात सरकव आणि लगेच १६० वर आण. ही तुझी उतरती भट्टी. दुसऱ्या वेळी खालून करपली ती ट्रे अगदी खालच्या कप्प्यात असल्यामुळे असेल आणि वरून कच्ची राहिली ती पीठ फ्रीजमधून थेट आत गेल्यामुळे. ओव्हनच्या बटणावरचा आकडा खरा असतोच असं नाही, आत ठेवायचा छोटा तापमापक मिळतो, तो घे. अठराव्या मिनिटाला काचेतून बघ. वर चिरा पडलेल्या, कडेला किंचित बदामी रंग, मधे अजून पांढरट, बोट लावलं तर मऊ. अशी मऊ असतानाच काढायची. इथेच तू घाबरून आणखी दहा मिनिटं ठेवली असशील. ती बाहेर आल्यावर, ट्रेवरच, गार होताना घट्ट होते. तिला अर्धा तास हात लावू नकोस.

तुपाबद्दल एक शंका. आजीने "तूप" लिहिलंय, पण कुठलं? डालडा आपल्याकडे १९३७ पासून आहे, आणि मध्यमवर्गीय घरात साजूक तूप वरणभातावर आणि पुरणपोळीवर. दिवाळीच्या किलो-किलोच्या बिस्किटांना ते कोण काढून देतंय? बऱ्याच वह्यांत तूप लिहिलेलं असतं आणि हात पिवळ्या डब्याकडे जायचा. वनस्पती साजूक तुपापेक्षा उशिरा वितळतं, त्यामुळे नानकटाई आकार धरून राहते. तुझ्या आईला जी खुसखुशीत, थोडी कोरडी नानकटाई आठवते आहे, ती कदाचित त्याचीच. आताचं वनस्पतीही तेव्हाचं राहिलं नाही, त्यातल्या घातक चरबीवरची (ट्रान्स फॅटवरची) मर्यादा २०२२ पासून दोन टक्क्यांवर आणली आहे. मी स्वतः साजूकच वापरते आणि आकार थोडा बसका झाला तर होऊ देते. पण तुला हुबेहूब तीच चव हवी असेल तर डबा कुठला होता ते आधी शोधावं लागेल, आणि ते सांगणारं माणूस एकच आहे.

म्हणजे पुन्हा मामी. हे तुला आवडणार नाही, पण लिहिते. पस्तीस वर्षं तिने त्या स्वयंपाकघरात दिवाळ्या काढल्या. शेवटची वर्षं आजीचं सगळं तिनेच केलं असणार, तुझ्या पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही. आणि वही, तीही सगळ्यांदेखत, नातीला मिळाली. आजीचं चुकलं असं मी म्हणत नाही, नातीवर जीव असतो. पण त्यानंतर तू फोन केलास तोही "शेर म्हणजे किती" हे विचारायला. "वही तुझ्याकडे आहे ना" हे उत्तर मला तरी उर्मट वाटलं नाही. मी असते तर याहून तिखट बोलले असते.

आता फोन करू नकोस. एखादा शनिवार-रविवार काढून कराडला जा. जाताना मैदा, रवा, साखर आणि चांगलं तूप घेऊन जा. वही मामीच्या हातात दे आणि पेन्सिलीचे आकडे दाखव. "हे तुमचं का हो, मामी?" एवढं विचार आणि गप्प बस. मग ती करेल तेव्हा परातीसमोर बस, मधेमधे काटा पुढे करू नकोस, व्हिडिओ तर अजिबात काढू नकोस. पहिला घाणा नुसता बघ, दुसरा तू फेस. ती तुझ्या हातातून परात ओढून घेईल. घेऊ दे.

झेरॉक्स मात्र सध्या कुणालाही देऊ नकोस. झेरॉक्समध्ये शाई उठते, पुसट पेन्सिल उठत नाही. मावशीच्या सगळ्या मुलींकडे पाऊण शेर तुपाची नानकटाई जाईल आणि प्रत्येकीच्या ट्रेवर पोळी होईल. सकाळच्या खिडकीतल्या तिरप्या उजेडात एकेका पानाचे मोठे फोटो काढ, पेन्सिलीचे आकडे शेजारी वेगळे लिहून काढ, मग सगळ्यांना एकदम पाठव. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढ. सेलोटेप नको, लॅमिनेशन तर नकोच. आमच्या आईच्या वहीचं आम्ही तिघी बहिणींनी काय केलं माहीत आहे? दोरा उसवून पानं वाटून घेतली. माझ्याकडे अनारशांची सुरुवात आहे, पाठचं पान धाकटीकडे, आणि ती म्हणते तिच्याकडे नाही.

विकायचं या दिवाळीला नको. घरगुती असलं तरी खाद्यपदार्थ विकायला नोंदणी लागते ती करून ठेव हवं तर, पण तीन वेळा फसलेल्या हाताने ऑर्डर घेऊ नये. नणंदेला सांग, पुढच्या वर्षी. आणि विकणार असशील तर पेन्सिलवालीला विचारूनच.

धोंडसाला ओव्हनची गरजच नाही. जून तवसं, म्हणजे मोठी काकडी, किसून त्याचं पाणी टाकायचं नाही, त्यातच गूळ आणि तुपावर भाजलेल्या तांदळाच्या कण्या शिजवून घट्ट करायच्या. जाड बुडाच्या तूप लावलेल्या भांड्यात ओतून, खाली तवा ठेवून अगदी मंद आचेवर अर्धा-पाऊण तास. कडा सुटल्या की ओव्हनच्या फक्त वरच्या दांडीखाली रंग येईपर्यंत ठेव, तेच तुझे "वर निखारे". गार झाल्याशिवाय कापू नकोस. मोठी तवसं भाद्रपदाच्या सुमाराला मिळतात, तेव्हा अडलं तर पुन्हा लिही.

राहिली चवली. चवली म्हणजे दोन आण्यांचं नाणं, चौकोनी, कोपरे गोल केलेले. तुला ती भट्टीवाल्याची मजुरी वाटली असेल, पण आजीने ती "निशाणी"पुढे लिहिली आहे. दिवाळीत भट्टीवर दहा घरांचे पत्रे यायचे आणि सगळ्यांची नानकटाई दिसायला सारखीच. एका वर्षी आमचे पत्रे बदलले. आमची वेलदोड्याची नानकटाई कुणाकडे गेली देव जाणे, आमच्याकडे आली ती बिनवासाची, साखर कमी. आई चार दिवस तिला नावं ठेवत होती आणि आम्ही पाचव्या दिवशी डबा संपवला. पुढच्या वर्षीपासून आई प्रत्येक गोळ्यावर शिवणाचं टोपण दाबायची, त्याचे बारीक ठिपके उमटायचे. तुझ्या आजीच्या नानकटाईवर बहुतेक चौकोन उमटत असेल. आईला विचार, तिला तो आठवतो का. ज्या बाईने पाऊण शेराचे ५२५ करून ठेवले, तिने ते नाणंही टाकून दिलं नसणार. कराडला गेलीस की तुपाच्या आधी मामीला हेच विचार, चवली कुठे ठेवली आहे ते.